जळजळ परत येते तेव्हा आधी कल्चर
दादा, पाच दिवसांच्या गोळ्या संपल्या की वडिलांची लघवीची जळजळ परत येते म्हणता, मग तोच कोर्स पुन्हा नको. जंतू प्रोस्टेटमध्ये, म्हणजे मूत्राशयाखालच्या पुरुषांच्या ग्रंथीत, दडले असतील तर बरीच औषधं तिथं नीट पोचत नाहीत. मग कोर्स बहुधा 4 ते 6 आठवड्यांचा लागतो. गोळी सुरू करण्याआधी लघवीचं कल्चर करा, म्हणजे कोणता जंतू आहे नि त्यावर कोणतं औषध चालेल याची तपासणी. पहिली धार सोडून मधली धार निर्जंतुक डबीत धरायची. निफाडहून डबी भरून आणू नका, नाशिकला लॅबमध्येच भरा. वाटेत उन्हानं जंतू वाढतात, रिपोर्ट फसतो. सोनोग्राफीत लघवीनंतर किती उरते तेही मोजायला सांगा. पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) संसर्गात चढतो, म्हणून तो बरं झाल्यावर 6-8 आठवड्यांनी. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट न पाहता सिव्हिलला न्या.