५०० जीबीची डिस्क ४८० च्या एसएसडीवर क्लोन केली, आता माउंटच होऊन (उघडूनच) नाही राहिली

महालवाला_स्टुडिओ:
नागपूरच्या महाल भागात छोटा फोटो स्टुडिओ आहे, काम सगळं लिनक्सवर. लग्नांचे फोटो असलेली जुनी ५०० ची हार्डडिस्क कटकट आवाज करून राहिली होती म्हणून बर्डीवरून ४८० ची एसएसडी आणली अन् डीडी (डिस्क जशीच्या तशी उतरवणारी कमांड) मारून अख्खी कॉपी केली, भरलेले तर ३१० च जीबी आहेत, म्हटलं मावते आरामात. शेवटी "जागा नाही" म्हणून थांबलं. आता एफएससीके (डिस्क तपासणारी कमांड) म्हणते फाइलसिस्टिम (फाइली ठेवायची मांडणी) १२२०९६३९० ब्लॉक, डिव्हाइस ११७२१२६३० ब्लॉक, सुपरब्लॉक (फाइलसिस्टिमच्या आकाराची नोंद) नाहीतर पार्टिशन टेबल (डिस्कच्या भागांची यादी) करप्ट असेल, अन् विचारते "अबॉर्ट करू का?", म्हणजे तपासणी थांबवू का. यस की नो, काय दाबू? लेबल पण बदलून पाहिलं, काही फरक नाही.

ऑरेंज_पेंग्विन:
नो दाब अन् होऊ दे पुढं.

धंतोलीकर:
अरे बाप्पा, नो नको दाबू! यस दाबून बाहेर ये. डीडीला फाइल-बिइल काही समजत नाही, पहिल्या सेक्टरपासून उचलत सुटते, अन् एक्स्ट४ (लिनक्सची फाइलसिस्टिम) डेटा डिस्कभर पसरवून ठेवते, म्हणून ३१० जीबी म्हणजे पहिले ३१० नव्हे. वजाबाकी कर, ४८८३७६० ब्लॉक, एकेक ४०९६ बाइटचा, झाले २० जीबी, तेवढे आलेच नाहीत. टेबल अन् सुपरब्लॉक दोन्ही जुन्या डिस्कचेच आले, ते ५०० सांगून राहिले आणि डिस्क आधीच संपते. तू बदललेलं लेबल म्हणजे नुसतं नाव, एफडिस्क (पार्टिशन करायची कमांड) ज्याला डिस्कलेबल म्हणते ते म्हणजे पार्टिशन टेबल.

ऑरेंज_पेंग्विन:
मग जुन्या डिस्कवरच रिसाइज करून परत डीडी?

धंतोलीकर:
डिस्क धडधाकट असती तर केलं असतं, आधी फाइलसिस्टिम लहान मग पार्टिशन, वाढवताना उलटं. पण कटकट करणाऱ्या डिस्कला ब्लॉक हलवायला लावशील तर जाईल कामातून. एसएसडीवर नवं टेबल, नवी एक्स्ट४, जुनी रीड-ओन्ली (फक्त वाचण्यापुरती) माउंट कर अन् आरसिंक (एकेक फाइल कॉपी करणारी कमांड) लाव.

महालवाला_स्टुडिओ:
रात्री लावलं, डिस्क कूलरसमोर ठेवली (मे महिना आहे राजेहो). सकाळी झालं. दोनच फाइलींवर इनपुट-आउटपुट एरर आला, दोन्ही एकाच लग्नातल्या, नवरीकडच्यांना पेनड्राइव्ह दिला होता, तिकडून मागतो.