पंच्याऐंशीनंतर अँजिओग्राफी करायचीच कशाला?

चष्मेवाली: माझं मत स्पष्ट आहे. ८५ च्या पुढच्या माणसाच्या हृदयवाहिन्यांत अँजिओग्राफी करून, म्हणजे डाय सोडून एक्स-रे काढून, डोकावूच नये. डोकावलं की ब्लॉकेज दिसणारच, आणि दिसलं की कुणाचे तरी हात शिवशिवणारच. सासरे ८८ चे. लेफ्ट मेन, म्हणजे डावी मुख्य वाहिनी, तिच्यासकट तिन्ही वाहिन्या खराब. बायपास झाली, कागदोपत्री उत्तम. तिसऱ्या रात्री ते सलाईनची सुई उपसायला लागले, मला बहिणीच्या नावाने हाका मारायला लागले. भ्रम ओसरला, पण पहिल्यासारखे झाले नाहीत. आता पेपर हातात धरतात, पान उलटत नाहीत. गोळ्यांवर ठेवलं असतं तर?

अर्धा कप: तुम्ही बायपासचा राग अँजिओग्राफीवर काढताय. आमची आई ८६ ची. पलंगापासून बाथरूम सतरा पावलं, आणि मध्ये टेकायला एक खुर्ची ठेवलेली. छाती भरून आली की जिभेखाली गोळी. सगळी औषधं चढवून झाली होती, आणखी वाढवली की बीपी घसरून चक्कर. शेवटी मनगटातून स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, टाकला. ती खुर्ची आता गच्चीत आहे. ८६ व्या वर्षी बाथरूमपर्यंत न थांबता जाता येणं ही काय छोटी गोष्ट आहे का?

नॉर्वेतला २०१६ चा अभ्यासही बघा. ८० च्या पुढचे ४५७ रुग्ण, छोटा अटॅक किंवा अस्थिर अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून अचानक उठणारं किंवा वाढत जाणारं छातीचं दुखणं) झालेले. नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांपैकी ६१ टक्क्यांना पुन्हा अटॅक, तातडीची प्रोसिजर, पक्षाघात किंवा मृत्यू यांपैकी काहीतरी गाठलं. अँजिओग्राफी करून पुढचं ठरवलेल्यांत ४१ टक्के.

चष्मेवाली: तोच अभ्यास मीही वाचलाय. नुसते मृत्यू मोजले तर दोन्ही गटांत ठळक फरक नव्हता, हे सोयीस्कर गाळलंत. आणि तुमच्या आईला स्टेंट, आमच्याकडे छाती उघडली. तुलना कशी करायची?

अर्धा कप: तेच तर म्हणतोय, तुलना करू नका! 'कशालाच हात लावू नका' हा नियम तुम्ही काढलात, मी नाही.

रात्रपाळी: कार्डियाक आयसीयूत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून बोलते. तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी होतेय. वाहिनी पूर्ण बंद होऊन मोठा अटॅक आला असेल तर वय बघून थांबत नाहीत. अंजायना गोळ्यांनी आटोक्यात असेल तर घाई नसते. खरा घोळ मधल्या छोट्या अटॅकचा. त्यावर ब्रिटनमधला सीनियर-रीटा अभ्यास २०२४ मध्ये आला: १५१८ रुग्ण, सरासरी वय ८२, सुमारे चार वर्षं पाठपुरावा. हृदयामुळे मृत्यू किंवा नवा अटॅक धरला तर अँजिओग्राफीच्या गटात २५.६ टक्के, औषधांच्या गटात २६.३. म्हणजे जवळजवळ सारखंच. नुसते जीव न घेणारे अटॅक मोजले तर ११.७ विरुद्ध १५.

आणि अँजिओग्राफी म्हणजे स्टेंटचं वचन नव्हे. त्या गटातल्या साधारण निम्म्यांच्याच वाहिन्या पुढे उघडल्या.

मी मात्र आकड्यांआधी दोन गोष्टी बघते. माणूस हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठतो का, आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी, किती. किडनी आधीच थकलेली असेल तर अँजिओग्राफीचा डाय तिला महागात पडू शकतो. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या लागतात, त्यात पोटातून रक्तस्राव झाला की म्हातारा माणूस चार दिवसांत खचतो.

शेवटचा बाक: म्हणजे अँजिओग्राफीने आयुष्य वाढत नाही, बरोबर? मग संपला की वाद.

अर्धा कप: ८६ व्या वर्षी आयुष्य वाढवायला कोण गेलं होतं? सतरा पावलांसाठी गेलो होतो.

शेवटचा बाक: हे मान्य. पण तुमच्या आईला अंजायनाचा त्रास होता. ज्याला काहीच होत नाही त्याचा रिपोर्ट बघून घाबरणारे नातेवाईक जास्त भेटतात. लेफ्ट मेन हा शब्द ऐकला की घरातल्यांचीच छाती धडधडते.

रात्रपाळी: लेफ्ट मेनला घाबरायला कारण आहे हो, डाव्या बाजूचा बहुतेक रक्तपुरवठा तिथूनच जातो. पण चष्मेवाली, एक विचारू? सासऱ्यांना स्वतःला काय हवं होतं?

चष्मेवाली: दाखल करताना कानाचं मशीन घरीच राहिलं होतं. डॉक्टर मोठ्याने विचारत होते, ते मान हलवत होते. आम्ही तो होकार धरला.