मदत हवी आहे: तलावावरचे पाणकावळे मारायची परवानगी मिळते का? (नागपूर, उमरेड रोड)

मानेवाडा_चौक:

राजेहो, नमस्कार. प्रश्न माझा नाही, मामांचा आहे. पण मामांना टायपिंग जमत नाही आणि मला मासे पकडता येत नाहीत, म्हणून कामाची वाटणी अशी झाली.

मामा उमरेडकडच्या एका गावच्या मत्स्य सहकारी संस्थेचे सचिव आहेत. गावचा तलाव संस्थेकडे ठेक्याने आहे. माजी मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या काळातला) तलाव, म्हणजे मामा तलाव. (हो, मामांचा मामा तलाव. विनोद करून झालेला आहे, प्रतिसादात परत करू नये.) ऑगस्टमध्ये रोहू, कटला, मृगळ यांचं बीज सोडलं. दिवाळीपर्यंत सगळं ठीक होतं. मग पाणकावळे यायला लागले आणि आता रोज येतात.

मागच्या रविवारी मी स्वतः पहाटे पाळीवर जाऊन बसलो. 80 पर्यंत मोजले, पुढे मोजणं सोडलं, कारण एक बुडतो तेव्हा दुसरा वर येतो आणि तोच की वेगळा हे कळत नाही. एक माझ्यापासून वीसेक हातांवर वर आला. चोचीत मासा आडवा, चांदीसारखा चमकत होता. त्याने मान झटकली, मासा हवेत सुलटा केला आणि डोक्याकडून गिळला. गळ्यातून खाली जाताना तो फुगवटा दिसतो हो! दोन मिनिटांत परत बुडी. पोट भरलं की पाण्यातल्या वाळक्या बाभळीवर पंख पसरून बसतात, हायकोर्टातल्या वकिलांचे कोट वाळत घातल्यासारखे. मामा शेजारी बसून प्रत्येक बुडीला "गेला", "गेला" म्हणत होते. ऐकवत नव्हतं.

नेटवर वाचलं की एक पाणकावळा रोज अर्धा किलो मासे खातो. म्हणजे 80 पक्ष्यांचे रोज 40 किलो. महिन्याचा हिशोब मी मामांना सांगितलाच नाही.

संस्थेच्या बैठकीत तीन मतं निघाली. पोरं म्हणतात एअरगन आणू, तिला लायसन लागत नाही. एक जण म्हणतो माशात औषध भरून ठेवू. एक म्हातारे म्हणतात पावसाळ्यात घरटी करतात तेव्हा अंडी फोडा, मूळच उपटा. शिवाय कोणीतरी सांगितलं की कावळा कायद्याने उपद्रवी प्राणी आहे, मग पाणकावळाही त्यातच आला.

तर प्रश्न असे. रोही (नीलगाय) किंवा रानडुकरांनी पीक खाल्लं तर वनखात्याकडे अर्ज करता येतो, तसा इथे करता येतो का? परदेशात पाणकावळे रीतसर मारतात असं वाचलं, ते खरं का? आणि मारून काही फरक पडतो का? कृपया "निसर्गाचा समतोल" वगैरे सांगू नका. मामांनी बीज उधारीत आणलं आहे.

सावजीप्रेमी:

मारल्यावर खातात का? तर्री कशी होईल याचा विचार करतोय.

मानेवाडा_चौक:

@सावजीप्रेमी, तुमच्याकडून हीच अपेक्षा होती जी.

पाखरू:

पक्षी तलावावर मासे खायला येणार नाही तर काय पोहे खायला येणार? तलाव आधी त्यांचा आहे. गोळ्या घालायची भाषा वाचून वाईट वाटलं.

वेणाकाठ:

@पाखरू, ज्याचं बीज उधारीचं आहे त्याला हे सांगून काय उपयोग? धागाकर्त्याने विचारलंय त्याचं उत्तर देऊ.

आधी कायदा. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972. यात "शिकार" या शब्दाची व्याख्या तुमच्या बैठकीतल्या तिन्ही मतांना गिळून बसते. गोळी घालणं, विष घालणं, फासा लावणं, पकडणं, आणि पक्ष्याची अंडी किंवा घरटी फोडणं, अगदी त्यांना त्रास देणंसुद्धा शिकारच. एअरगनला परवाना लागतो की नाही हा मुद्दाच नाही. गलोलीने मारला तरी गुन्हा तोच. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, आणि 2022 च्या दुरुस्तीने दंडाची मर्यादा 25 हजारांवरून एक लाखावर नेली आहे. पोरांना हा आकडा सांगा, बाकी काही सांगावं लागणार नाही.

कावळ्याचं म्हणाल तर तो घोळ नावाचा आहे. साधा कावळा जुन्या पाचव्या अनुसूचीत उपद्रवी म्हणून होता, हे बरोबर. पण पाणकावळा कावळ्याच्या कुळातला नाहीच. तो चौथ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित होता. आणि ती पाचवी अनुसूची नव्या दुरुस्तीत, 1 एप्रिल 2023 पासून, राहिलेलीच नाही. पाणकावळ्याचं संरक्षण मात्र कायम आहे.

अर्जाची वाट आहे. कलम 11 खाली मुख्य वन्यजीव रक्षक, किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी, मालमत्तेला धोका झाल्याची खात्री पटली तर कारणं नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. कायद्यात मालमत्तेत उभी पिकंही धरली आहेत, म्हणून रोही-डुकरांचे अर्ज चालतात. तुमचं नशीब एवढंच की राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचं कार्यालय नागपुरातच, सिव्हिल लाइन्सला वनभवनात आहे, मुंबईला खेटे घालावे लागणार नाहीत. पण "80 गुणिले अर्धा किलो" घेऊन तिथे जाऊ नका. का ते आपले बिनबुडाचा_डोंगा सांगतील, त्यांची वाट बघतोय.

औषधाचं तर नावच काढू नका. ते पाण्यात उतरलं तर पाणकावळ्याच्या आधी रोहू उलटा तरंगेल, आणि तो मासा बाजारात गेला तर मामा आत जातील.

टोरांटोकर:

मूळचा धरमपेठचा, आता इकडे. परदेशाचं मी सांगतो.

हो, इकडे मारतात. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांताने 2020 पासून पाणकावळ्यांच्या शिकारीचा हंगामच सुरू केला. 15 सप्टेंबर ते 31 डिसेंबर, माणशी दिवसाला 15 पक्षी. इथली जात वेगळी. 1970 च्या सुमारास डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या महासरोवरांवरून ही जात जवळजवळ गेली होती. डीडीटी बंद झालं आणि पक्षी असे परतले की कोळी वैतागले. 1998 मध्ये अमेरिकेच्या बाजूला, लेक ऑन्टॅरिओतल्या लिटल गॅलू बेटावर काही जणांनी रात्रीतून आठशेच्या वर पाणकावळे बेकायदा मारून टाकले. मोठा खटला झाला.

पण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं (मारून फरक पडतो का) उत्तर अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात आहे. कोलंबिया नदीच्या मुखाशी ईस्ट सँड नावाचं बेट. तिथले पाणकावळे समुद्राकडे निघालेली सॅमनची पिल्लं खातात म्हणून 2015 पासून सरकारी खर्चाने पक्षी मारले, अंड्यांना तेल लावलं. (तेलाने अंडं आतून मरतं, आणि पक्षी बिचारा उबवत बसतो. फोडलं तर तो परत घालतो, म्हणून ही युक्ती.) 2016 मध्ये वसाहत बेट सोडून उठली. सगळे खूश. मग कळलं की हजारो पक्षी नदीत वर सरकून ॲस्टोरियाच्या पुलावर बसलेत. बेटावर असताना त्यांना समुद्राचे इतर मासे तरी मिळत होते. पुलाशी गोडं पाणी जास्त, म्हणून तिथे दर पक्ष्यामागे सॅमनच जास्त जायला लागला. पैसे खर्चून दुखणं वाढवलं.

आणि ती वसाहत तरी एका जागची होती. तुमच्या तलावावर तर येणारे-जाणारे पाहुणे. 80 मारले तर शेजारच्या तलावावरचे 80 येतील.

बिनबुडाचा_डोंगा:

मामांना नमस्कार सांगा. माझी हयात तलावावर गेली. आधी एक सांगा, पक्षी केवढे आहेत? बदकाहून मोठे, गालाशी पांढरं आणि चोचीच्या मुळाशी पिवळं असेल तर मोठा पाणकावळा. तो दोन-तीन किलोचा असतो आणि तुमचा अर्धा किलोचा हिशोब त्याचा आहे. सगळा काळा, आखूड चोचीचा, कावळ्याहून थोडा मोठा असेल तर छोटा पाणकावळा. त्याचं स्वतःचंच वजन अर्ध्या किलोच्या आसपास. तो रोज स्वतःएवढं खाईल का? 40 किलो विसरा.

दुसरं, खातात काय ते बघितलं का? रोहूच खातात हे कोणी सांगितलं? रात्री ज्या झाडावर बसतात त्याच्या खाली सकाळी जा. गच्च पोटाचा पाणकावळा दचकला की उडायच्या आधी ओकतो. ते काडीने उलटंपालटं करा. वास सहन करा, पण बघा.

तिसरं, बीज केवढं सोडलं होतं? खरं सांगा.

मानेवाडा_चौक:

@वेणाकाठ, कायदा मामांना वाचून दाखवला. एक लाखावर बैठक शांत झाली. @टोरांटोकर, पुलाची गोष्ट मामांना फार आवडली, दोनदा सांगायला लावली.

@बिनबुडाचा_डोंगा काका, आज पहाटे गेलो. बाभळीखालची जमीन चुना ओतल्यासारखी पांढरी आहे. पक्षी बहुतेक सगळे छोटे, मोठे म्हणाल तर सहा-सात. ओकलेलं मिळालं. रुमाल नाकाला बांधून मामांनी काडीने वेगळं केलं. 31 मासे ओळखण्याजोगे होते. त्यात 17 तिलापिया (झपाट्याने वाढणारा परदेशी मासा)! बाकी बारीक गावठी मासळी आणि झिंगे. आपलं बीज म्हणावं असे पाच. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हा तर आपला नोकर निघाला." तिलापिया संस्थेने सोडलेलाच नाही, कुठून आला कोणास ठाऊक, आणि दोन वर्षं झाली तो मामांच्या डोक्याला ताप आहे.

एका सकाळवर निकाल लावू नये हे मलाही कळतं. शिवाय ऑगस्ट-सप्टेंबरात पाणी गढूळ होतं तेव्हा काय गेलं ते कोणी पाहिलेलं नाही.

बीजाचं खरं सांगतो. बोटुकली (बोटाएवढं वाढलेलं बीज) मागवली होती, गाडीतून अर्धबोटुकली (त्याहून लहान) उतरली. स्वस्त मिळाली म्हणून घेतली. पुरवठादाराचं नाव घेत नाही.

बिनबुडाचा_डोंगा:

मग चोर तिथेच सापडला. पाणकावळ्याला दोष लागला, पण दोन बोटांचं बीज मोठ्या तलावात सोडलं तर मरळ खातो, शिंगटी खाते, बगळा खातो, पाणसापही खातो. अर्धं तर प्रवासातच मेलेलं असतं.

पुढच्या वर्षी असं करा. पाळीच्या आतल्या बाजूला किंवा शेजारच्या शेतात छोटं संगोपन तळं घ्या. जिरे (अगदी बारीक पिल्लं) किंवा अर्धबोटुकली त्यात वाढवा, चांगली हातभर नाही पण वीतभर होऊ द्या, मग तलावात सोडा. वीतभर मासा छोट्या पाणकावळ्याच्या गळ्यात बसत नाही. मोठा तो घेईल, पण ते तुमच्याकडे सहा-सात आहेत. त्यांना जेवू द्या.

छोट्या तळ्यावर दोऱ्या ताणा. पाणकावळा पाण्यावरून उडताना धावत उठतो, त्याला मोकळी पट्टी लागते. दोऱ्या असल्या की उतरायला कचरतो. फक्त तंगूस (गळाचा बारीक नायलॉन धागा) वापरू नका. तो दिसत नाही, पक्षी अडकून मरतो, आणि मग परत ते एक लाख.

मोठ्या तलावात झाडोरा टाका. बोराटीच्या, बाभळीच्या फांद्यांचे भारे दगड बांधून बुडवा. बीज त्यात लपतं, आणि रात्री चोरून जाळं ओढणाऱ्यांचं जाळंही फाटतं. तो पाणकावळा दोन पायांचाच असतो, पण ओकत नाही.

फटाके, डबे वाजवणं, बुजगावणं सगळं करून झालंय. चार दिवस उडतात, पाचव्या दिवशी बुजगावण्याच्या डोक्यावर बसून पंख वाळवतात. बीज सोडल्यावरचे पहिले दहा-बारा दिवस डोंग्यातून फेऱ्या मारा, तेवढ्यापुरता उपयोग आहे.

वेणाकाठ:

यात भर. तेलंगखेडीला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, माफसूचं (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ). तिथे जाऊन ते ओकलेले मासे दाखवा, बीज किती मोठं सोडायचं हे विचारा. आणि दोरीत चुकून पक्षी अडकलाच तर स्वतः ओढाताण न करता सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला (जखमी वन्यप्राण्यांचं उपचार केंद्र) कळवा.

नोंद ठेवा मात्र. आठवड्यातून एक सकाळ, पक्षी किती, छोटे किती, मोठे किती, ओकलेल्यात काय. उद्या खरंच अर्ज करायची वेळ आली तर ही वही लागेल.

पाखरू:

माझा आधीचा प्रतिसाद तिखट होता. एक शंका: ती बाभूळ तोडायचा विचार असेल तर पावसाळ्यात नको, घरटी असतील.

मानेवाडा_चौक:

@पाखरू, बाभूळ राहणार. मामा म्हणतात ओकलेलं बघायला जागा पाहिजे ना.

सगळ्यांचे आभार. एअरगन रद्द. इतवारीतून जाड पिवळी दोरी आणायचं ठरलं आहे, वही मी घेऊन दिली, 200 पानी. एकच राहिलं: दोन दोऱ्यांत अंतर किती ठेवू?

बिनबुडाचा_डोंगा:

हात पसरा. पाणकावळ्याचे पंख तुमच्या हातांपेक्षा आखूड असतात. त्या पंखांहूनही कमी अंतर ठेवा, आणि पाण्यापासून दोन वीत वर.

सावजीप्रेमी:

आणि तिलापिया विकायचा असेल तर मला कळवा. तो चालतो.