मदत हवी आहे: चीज, अक्रोड व फळे घातलेले हिरव्या पानांचे सॅलड दोन तास टिकवायचे आहे

लेट्यूस आणि पालकाची कोवळी पाने, फेटा चीज, भाजलेले अक्रोड व सफरचंदाच्या पातळ फोडी असे साधे सॅलड मला आठ जणांसाठी करायचे असून, ते डब्यातून न्यायचे असल्यामुळे तयारी आणि वाढणे यांच्या मध्ये सुमारे दोन तास जाणार आहेत. तिथे फ्रिज आहे, मात्र चिरण्या-भाजण्याची सोय नाही.

पाने बर्फाच्या पाण्यात ठेवून, निथळून सुती कापडावर कोरडी केली की छान टवटवीत होतात. फोडी लिंबूपाण्यात बुडवल्याने काळ्या पडत नाहीत. तीन भाग ऑलिव्ह तेल, एक भाग लिंबाचा रस आणि मीठ यांचे ड्रेसिंग वेगळ्या बाटलीत नेऊन ऐनवेळी घालते, त्यामुळे अडचण त्याची नाही. तरीही डब्याच्या तळाशी पाणी साठते, फेट्याला चिकटलेली पाने गडद व लिबलिबीत होतात आणि अक्रोड मऊ पडतात. फेटा मिठाच्या पाण्यात मुरवलेला असल्याने पानांतले पाणी तोच ओढत असावा, असा माझा अंदाज आहे.

खाणारे शाकाहारी असल्याने वासराच्या जठरातले रेनेट (दूध साकळवणारे विकर) वापरून केलेले पार्मेझान चीज चालणार नाही. अक्रोडाची अ‍ॅलर्जी कोणालाही नाही.

फेटा निथळून, टिपून घेतल्यास भागेल की दुसरे एखादे कोरडे चीज घ्यावे, आणि एकाच मोठ्या डब्यात न्यायचे झाल्यास पाने, फळे, चीज व अक्रोड यांचे थर कोणत्या क्रमाने लावावेत?