टर्नटेबलला दोष देऊ नका
माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या जॅझ अल्बमची जुनी एलपी (तबकडी) डिजिटल कॉपीपेक्षा चढ्या सुरात वाजते म्हणून टर्नटेबलचा बेल्ट (तबकडी फिरवणारा पट्टा) बदला, असा सल्ला एकाने दिलाय. पटत नाही. चोर बाजारातून आणलेल्या एलपीवर मीही याच भानगडीत पडलो होतो. शेवटी आजोबांची पेटी शेजारी ठेवली. पहिल्या बाजूचं 'सो व्हॉट' हे गाणं पांढरी दोनला (पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीला) बसायला हवं, ते किंचित वर, दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी! पण एलपी उलटली तर दुसरी बाजू चोख सुरात. बेल्ट खराब असता तर दोन्ही बाजू चढल्या असत्या ना?

गोम मूळ टेपमध्ये आहे. २ मार्च १९५९ च्या ध्वनिमुद्रणात मुख्य टेप मशीन जरा हळू चालत होतं, म्हणून बरोबर वेगाने वाजवल्यावर पहिल्या बाजूची तिन्ही गाणी चढी येतात. सोबत दुसऱ्या मशीनवर राखीव टेप होत होती. ती वापरून १९९२ मध्ये वेग दुरुस्त केला. मला मात्र अजूनही ती चढी बाजूच आवडते, कान तिलाच सरावलेत.