कठडे, कॅमेरे, कुलूप: एवढ्यावर वृद्धाश्रम सुरक्षित ठरतो?

तिसरा प्रहर
वृद्धाश्रम निवडण्याबद्दलच्या एका लेखात सुरक्षेच्या तीनच खुणा दिल्यात: प्रत्येक खाटेला दोन्ही बाजूंनी कठडे, मजल्यामजल्यावर कॅमेरे, दाराला कायम कुलूप. वाचून इतका संताप झाला की सविस्तर लिहिणं भाग आहे.

कठड्याचं आधी. डोक्यात गोंधळ आहे पण पाय चालतात, अशा माणसाला कठडा अडवत नाही. रात्री लघवी लागली की तो कठड्यावर पाय टाकतो, आणि खाटेवरून पडायचा तो त्याहून फूटभर उंचावरून पडतो. कठडा आणि गादी यांच्यामधल्या फटीत मान अडकून माणसं दगावली आहेत. दांड्यांमधली फट १२ सेंमीहून कमी हवी. हवेची गादी घातली की सगळ्या फटी पुन्हा मोजायच्या, कारण तिची कड वजनाने दबते.

त्यापेक्षा खाट जमिनीलगत उतरवा, शेजारी जाड चटई टाका, संडासापर्यंत मंद दिवा ठेवा. झोपताना आणि पहाटे, लघवी लागायची वाट न पाहता, स्वतः नेऊन आणा. उठवल्यावर दोन मिनिटं खाटेच्या कडेवर बसवा. एकदम उभं केलं की रक्तदाब उतरतो आणि माणूस कोसळतो. कॅमेरा पडलेला माणूस दाखवतो, सावरत नाही.

कारभारी
रात्री तीस जणांमागे दोन माणसं असतात, हे धरून बोला. अर्धांग झालेला माणूस कूस बदलताना घरंगळतो, त्याला कठडा लागतोच. आणि कुलूप काढलं तर स्मृतिभ्रंशाचा माणूस पहाटे रस्त्यावर सापडेल. तेव्हा जबाबदार कोण?

तिसरा प्रहर
अर्धांगवाल्याला कठडा हवा, मान्य. पण लेखात ‘प्रत्येक खाटेला’ म्हटलंय, भांडण त्या शब्दाशी आहे. कठडा माणूस बघून ठरवायचा आणि तब्येत बदलली की पुन्हा ठरवायचा. कुलूप आगीची घंटा वाजताच आपोआप सुटणारं हवं. किल्ली एकाच्या खिशात आणि तो दुसऱ्या मजल्यावर, यात जीव जातात. आगीचा सरावही रात्रीच्या दोन माणसांनिशीच करा. दिवसा दहा जणांनी केलेल्या सरावातून रात्रीचं काहीच कळत नाही.

मऊमाती
कठड्यावर एवढं चाललंय, पण खाटेला खिळलेल्याला दाबाने जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची असते, आणि खरी फसवणूक त्या नोंदींच्या तक्त्यात होते. १०, १२, २, ४, ६, सगळ्या नोंदी ठोक्याला, एका शाईत, एका हातच्या. बारा जणांची कूस एकट्याने बदलायची तर माणशी पाच मिनिटं धरली तरी तास जातो. मग बाराही जणांच्या रकान्यात ‘२’ कसे? तक्ता बाजूला ठेवा आणि टाच बघा, माकडहाड बघा. लाल डागावर बोट दाबल्यावर तो पांढरा पडला नाही, तर जखमेची सुरुवात झालेली आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे ऊब आणि कडकपणा हाताने चाचपावा लागतो.

कारभारी
एअर बेड, म्हणजे ती हवेची गादी, कशासाठी असतो मग? चांगल्या घट्ट फोमवरही काहींना तीन-चार तास चालतं. दोन तासांचा आग्रह म्हणजे आजारी माणसाची झोपमोड.

मऊमाती
एअर बेड चालू असणं आणि तो काम करणं वेगळं. गादीखाली, बरोबर माकडहाडाखाली, तळहात वर करून हात सरकवा. बोटांना हाड लागलं तर गादी बसलेली आहे. मध्ये निदान अडीच सेंमी हवा हवी. हवा भरणाऱ्या यंत्राचा आकडा माणसाच्या वजनाप्रमाणे लावायचा असतो. ‘जास्त कडक म्हणजे जास्त चांगलं’ समजून तो शेवटाला नेला की गादीची फळी होते. वर रबरी कापड, दोन चादरी, दोन डायपर घातले की उरलासुरला उपयोगही संपतो. आणि बुडाखाली ठेवतात ती रबरी कडी फेकून द्या! ती भोवतालचं रक्त अडवतात. टाचेसाठी उशी पोटरीखाली घ्या, टाच अधांतरी राहिली पाहिजे. कुशीवर पूर्ण आडवं नको, ३० अंश कलतं पुरे. डोकंही ३० अंशांच्या वर नको, माणूस खाली घसरतो आणि कातडी आतून फाटते.

शुश्रूषा
शेवटचं वाक्य असं सरसकट लिहू नका! नळीने अन्न घेणाऱ्याला सपाट ठेवलं तर पोटातलं वर येऊन फुफ्फुसात जाईल. जखम टाळायला निघालात आणि न्यूमोनिया ओढवाल.

मऊमाती
बरोबर आहे, अर्धवट लिहिलं. भरवताना ३० ते ४५ अंश, नंतरही तासभर तसंच. पण आधी गुडघे उचला आणि मग पाठ, म्हणजे घसरत नाही. खाली घेताना पाठ आधी.

कारभारी
तक्त्यात वेळा छापलेल्याच असतात, म्हणून ठोक्याला भरल्या जातात. वेळेचा रकाना कोरा हवा, एवढं पटलं. माणूस बघून दोन तास की तीन, हेही मग लिहिता येईल. कठड्यांबद्दल मात्र माझं मत तेच आहे.

मऊमाती
कोऱ्या रकान्याशेजारी आणखी दोन जोडा: ‘कोणती कूस’ आणि ‘टाच व माकडहाड कसं दिसलं’. दुसरा रकाना पांघरूण उचलल्याशिवाय भरता येत नाही.