नवीन वेबसाईट झाल्यापासून गूगलवर आमचा घाणाच सापडत नाहीये, कुठून तपासायला सुरुवात करू?

घाणेवाली_कराड:
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीय. आमचा कराडजवळ लाकडी घाणा आहे, शेंगदाणा, करडई, तीळ आणि खोबऱ्याचं तेल काढतो. सासऱ्यांनी सुरू केलेला धंदा आता मी आणि मिस्टर बघतो. वेबसाईट बरीच वर्षं आहे, वर्डप्रेसवरची साधीच होती, पण गूगलवर 'करडई तेल घाणा' किंवा 'लाकडी घाणा कराड' असं टाकलं की आम्ही पहिल्या पानावर असायचो आणि पुण्या-मुंबईच्या बऱ्याच ऑर्डरी तिथूनच यायच्या.

उन्हाळ्यात एका डेव्हलपरकडून साईट नवीन करून घेतली, डोमेन तेच ठेवलं, दिसायला छान आहे, ऑनलाईन पैसे भरायची सोय आहे, सगळं आहे. पण त्यानंतर फोन हळूहळू कमी होत गेले आणि आता तर आमच्या घाण्याचं पूर्ण नाव टाकलं तरी साईट येत नाही. फेसबुक पेज येतं, मॅपवरचं दुकान येतं, कुठल्यातरी डिरेक्टरीत पडलेला आमचा जुना लँडलाईन नंबर येतो, फक्त साईट येत नाही. आणि माझ्या मोबाईलवर तर ती एकदम पटकन उघडते, म्हणजे बंद पडलीय असंही नाही.

डेव्हलपरला विचारलं तर म्हणतो साईट नवीन आहे, आता एसईओ, म्हणजे गूगलवर वर येण्यासाठीचं काम, करावं लागेल, महिन्याला 15 हजाराचं पॅकेज आहे आणि सहा महिने तरी घ्यावं लागेल. दिवाळी तोंडावर आलीय, फराळासाठी तेलाची सगळ्यात जास्त मागणी याच दिवसांत असते. पैसे घालायला हरकत नाही पण ते नक्की कशावर घालतोय ते तरी कळायला हवं ना. काय करू?

सांगलीचा_वेबवाला:
ताई, पॅकेजला आत्ता नाही सांगा. आधी एक गोष्ट ठरवायची, साईट गूगलमध्ये आहे पण खाली गेलीय, की गूगलमध्ये नाहीच? हे दोन वेगळे आजार आहेत आणि औषधंही वेगळी. खाली गेली असेल तर मजकूर, स्पर्धा वगैरे बोलता येईल. पण स्वतःच्या दुकानाच्या नावावरही साईट येत नसेल तर बहुतेक वेळा तांत्रिक अडथळा असतो, आणि तो काढल्याशिवाय कितीही एसईओ केलं तरी ते पैसे पाण्यात.

गूगलवर इंग्रजी अक्षरांत साईट (site), मग कोलन, आणि लगेच जागा न सोडता तुमचं डोमेन असं टाका. कुठली कुठली पानं येतात ते इथे लिहा. ही यादी पूर्ण नसते, पण अंदाज येतो. दुसरं, वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये रीडिंग म्हणून भाग आहे, तिथे खाली सर्च इंजिनांना साईट इंडेक्स करू नका, म्हणजे आपल्या नोंदीत घेऊ नका, असं सांगणारा एक चौकोन असतो. नवीन साईट बनवताना तो टिक करून ठेवतात आणि लाईव्ह केल्यावर काढायचं राहून जातं. नव्या साईटी गायब होण्याचं मी पाहिलेलं सगळ्यात कॉमन कारण हेच.

आणि सर्च कन्सोल (साईट गूगलला कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं टूल) कुणाच्या ईमेलवर आहे? डेव्हलपरच्या असेल तर आजच स्वतःच्या नावावर घ्या. डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या तांत्रिक नोंदींत, एक टीएक्सटी रेकॉर्ड टाकून व्हेरिफाय करता येतं, मग त्यात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेलं-नसलेलं, सबडोमेन (डोमेनच्या आधी शब्द लावून केलेली साईट), सगळं एकत्र दिसतं.

नाशिक_डिजिटल:
मला वाटतं हा गूगलच्या कोअर अपडेटचा (क्रम ठरवण्याच्या पद्धतीतल्या मोठ्या बदलाचा) परिणाम आहे, आमच्या दोन क्लायंटचं ट्रॅफिक पण असंच पडलंय. थोडे बॅकलिंक (दुसऱ्या साईटींवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंका) घ्या, आजकाल स्वस्तात मिळतात, पाचशे-हजार लिंकमध्ये फरक पडेल.

सांगलीचा_वेबवाला:
दादा, मला हे पटत नाही. कोअर अपडेटमध्ये नंबर खाली-वर होतात, 'करडई तेल'सारख्या शोधात तुम्ही तिसऱ्यावरून तिसाव्यावर जाल, पण दुकानाचं पूर्ण नाव टाकल्यावर साईट अजिबातच न येणं हे त्याचं लक्षण नाही. आणि विकतच्या लिंका तर नकोच, नंबर वाढवण्यासाठी लिंका विकत घेणं गूगलच्या धोरणानुसार सरळ स्पॅमच ठरतं. आत्ता दार बंद आहे, उद्या त्यावर मॅन्युअल ॲक्शनची (गूगलच्या माणसांनी तपासून केलेल्या शिक्षेची) नोटीस पण लागू शकते. कराडच्या छोट्या घाण्याला या भानगडीत ढकलू नका, प्लीज.

घाणेवाली_कराड:
सगळ्यांचे आभार. साईट कोलन करून बघितलं. आमची चार-पाचच पानं येतात आणि ती पण जुनी, क्लिक केलं की पान सापडत नाही म्हणून येतं. आणि गंमत म्हणजे डेव्हलपरने काम करताना एक टेस्टची साईट बनवली होती, आमच्याच डोमेनच्या आधी टेस्ट लावून, तिची मात्र कितीतरी पानं येताहेत, त्यात तेलाच्या जागी कसला तरी लॅटिनमधला नमुना मजकूर आहे!

रीडिंगमधला चौकोन बघितला, टिक नाहीये. सर्च कन्सोल त्याच्याच ईमेलवर होतं, आता मला ओनर केलंय. त्यात पेज इंडेक्सिंग म्हणून रिपोर्ट आहे तिथे इंडेक्स न झालेल्या पानांची कारणं दिलीत, नॉट फाउंड 404 बरीच आहेत, पण त्याहून जास्त पानांपुढे ॲक्सेस फॉरबिडन 403 असं लिहिलंय. होमपेजसुद्धा त्यातच आहे. हे काय असतं? माझ्याकडे तर उघडतंय की.

सर्व्हररूम_ठाणे:
403 म्हणजे सर्व्हर सांगतोय की तू आत येऊ नकोस. तुम्हाला आत घेतोय आणि गूगलबॉटला (गूगलसाठी पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामला) हाकलतोय. गूगलबॉटला बरेच दिवस 403 मिळत राहिलं की गूगल ते पान नाहीच असं धरून इंडेक्समधून काढून टाकतं. तुमचे फोन एकदम बंद न होता हळूहळू कमी झाले ते यामुळेच असणार, एकेक पान जसं पुन्हा तपासलं गेलं तसं गळत गेलं. मॅपवरचं दुकान दिसतं कारण ती माहिती गूगलच्या बिझनेस प्रोफाईलमध्ये असते, साईट उघडो न उघडो.

दोन गोष्टी करा. सर्च कन्सोलमध्ये वरच्या पट्टीत होमपेजचा पत्ता टाका, यूआरएल इन्स्पेक्शन उघडेल, त्यात लाईव्ह टेस्टचं बटण आहे ते दाबा. म्हणजे जुनी नोंद नाही तर आत्ता या क्षणी गूगलला काय दिसतंय ते कळेल. आणि सेटिंग्जमध्ये क्रॉल स्टॅट्स बघा, गेल्या 90 दिवसांत गूगलबॉट किती वेळा आला आणि त्याला काय उत्तर मिळालं त्याचा ग्राफ असतो.

अजून एक, भारताबाहेर कुणी नातेवाईक आहे का? त्यांना साईट उघडायला सांगा. मला एक शंका आहे.

घाणेवाली_कराड:
लाईव्ह टेस्ट फेल! तिथे पण 403. आणि माझा मावसभाऊ न्यू जर्सीला असतो, त्याला व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली, त्याने स्क्रीनशॉट पाठवला, पांढरं पान आणि त्यावर नुसतं फॉरबिडन. तो म्हणाला गणपतीत आईसाठी तेल मागवायला गेलो होतो तेव्हा पण असंच आलं, मला वाटलं तुम्ही साईट बंद केली. म्हणजे परदेशातून उघडतच नाहीये?

सर्व्हररूम_ठाणे:
तीच शंका होती. कुणीतरी फायरवॉलमध्ये (साईटवर कुणाला येऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या पहारेकऱ्यात) भारताबाहेरचं सगळं ब्लॉक केलंय. हे लोक वाईट हेतूने करत नाहीत, बाहेरच्या देशांतून लॉगिनवर हल्ले होतात, फेक ऑर्डरी पडतात, मग होस्टिंगवाला किंवा डेव्हलपर 'फक्त इंडिया' चालू करून टाकतो आणि त्रास थांबतो. पण गूगलबॉट मुख्यतः अमेरिकेतल्या आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) येतो. अमेरिका बंद केली की गूगल बंद. भारतातल्या गिऱ्हाईकाला दिसण्यासाठी साईट अमेरिकेतून उघडावी लागते हे ऐकायला विचित्र वाटतं पण तसंच आहे.

डेव्हलपरला स्पष्ट शब्दांत सांगा, देशानुसार लावलेला ब्लॉक पूर्ण साईटवरून काढ, हवा असेल तर फक्त लॉगिनच्या पानाला ठेव. क्लाउडफ्लेअर (साईटपुढे संरक्षण देणारी सेवा) वापरत असेल तर नियमात ओळखीच्या बॉट्सना सूट देता येते. फक्त स्वतःला गूगलबॉट म्हणवणाऱ्या प्रत्येकाला आत घेऊ नका म्हणावं, नाव कुणीही लावतं, आयपीचं रिव्हर्स डीएनएस करून, म्हणजे पत्त्यावरून त्याचं खरं नाव शोधून, खात्री करता येते.

घाणेवाली_कराड:
डेव्हलपरशी बोलले. फेक सीओडी ऑर्डरींमुळे मे महिन्यातच लावलं होतं म्हणाला. आज दुपारी काढलं, माझ्यासमोर लाईव्ह टेस्ट केली, हिरवं आलं!! मला तर रडूच आलं खरं सांगते, एवढे महिने आम्ही समजत होतो की लोकांना आमचं तेल नको झालंय, मिस्टर तर करडईची खरेदी निम्मी करायच्या विचारात होते. आता प्रत्येक पानाला रिक्वेस्ट इंडेक्सिंग दाबत बसू का?

सांगलीचा_वेबवाला:
वा ताई, मोठं काम झालं! होमपेज आणि मुख्य तेलांची पानं तेवढी रिक्वेस्ट करा, एकदाच. परत परत दाबून लवकर होत नाही आणि रोजची मर्यादा पण असते. बाकीच्यांसाठी साईटमॅप (साईटच्या पानांच्या पत्त्यांची फाईल) सबमिट करा. काही दिवसांत सुरू होईल, सगळं यायला काही आठवडे लागू शकतात.

पण ते 404 विसरू नका, जुन्या साईटची खरी कमाई तिथे अडकलीय. जुन्या पानांचे पत्ते मराठीत होते का? मराठीतला पत्ता कॉपी केला की टक्क्याच्या खुणांची लांबलचक माळ दिसते, ते बघून डेव्हलपर लोक नव्या साईटला सरसकट इंग्रजी पत्ते देतात आणि जुने वाऱ्यावर सोडतात. पण एखाद्या फूड ब्लॉगने तुमच्या करडई तेलाच्या पानाला लिंक दिली असेल तर ती जुन्याच पत्त्यावर आहे ना. त्यामुळे 301 रीडायरेक्ट (जुना पत्ता उघडला की आपोआप नव्यावर नेणारी कायमची सोय) लावायचे, करडईच्या जुन्या पानावरून करडईच्याच नव्या पानावर, पेंडीच्या पानावरून पेंडीच्या. सगळे होमपेजवर ढकलले तर गूगल ते बहुतेक वेळा सॉफ्ट 404 (पान नसल्यासारखंच) धरतं, म्हणजे केल्यासारखं होऊन न केल्यासारखंच. आणि किमान वर्षभर तरी ते काढू नका. जुने पत्ते कुठून मिळणार असं डेव्हलपर म्हणेल, तर सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये 16 महिन्यांचा डेटा असतो, तारीख मागची लावा आणि पेजेसची यादी काढा. क्लिक जास्त असलेली वरची पानं आधी करा.

टेस्ट साईटला पासवर्ड लावायला सांगा. तिथे रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये बंदी घालून भागणार नाही. रोबोट्स फाईल गूगलला पान वाचू नको सांगते, इंडेक्समधून काढ असं सांगत नाही. वाचता आलं नाही तर पानावरचा इंडेक्समध्ये घेऊ नको हा आदेश, म्हणजे नोइंडेक्सही, त्याला दिसत नाही. पासवर्ड लावला की सर्च कन्सोलच्या रिमूव्हल्समधून टेस्टचं सबडोमेन तात्पुरतं लपवा, साधारण सहा महिने ते दिसत नाही, तोवर खरंच निघून गेलेलं असेल.

मराठी_टायपिंग_आग्रही:
मी तांत्रिक माणूस नाही पण फॉन्ट आणि टायपिंगमध्ये आयुष्य गेलंय म्हणून एक विचारते. ताई, नव्या साईटवर तेलाची माहिती मजकूर म्हणून आहे की चित्रात? मोबाईलवर त्या मजकुरावर बोट दाबून धरा, शब्द निवडता आला तर ठीक. अनेक जण डिझायनरकडून सुंदर अक्षरातला बॅनर करून घेतात, 'शुद्ध करडई तेल, लाकडी घाण्यावरचं' वगैरे, आणि ते सगळं जेपीजी असतं. आणि जुनं पत्रक श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेलं असेल तर ते तसंच कॉपी-पेस्ट करू नका, तो फॉन्ट नसला की त्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो आणि गूगलला तोच दिसतो. युनिकोडमध्ये नव्याने टाईप करा.

घाणेवाली_कराड:
अगदी बरोबर ओळखलंत मॅडम! करडई, तीळ, खोबरं तिन्ही पानांवर एकेक मोठं चित्र आहे आणि खाली फक्त किंमत आणि कार्टचं बटण. जुन्या साईटवर मी स्वतः लिहिलं होतं, बी कुठून घेतो, घाण्यात तेल गरम का होत नाही, तळाला साका का बसतो, एक लिटरला किती दाणे लागतात. ते सगळं काढून टाकलंय. बॅकअप आहे माझ्याकडे.

मराठी_टायपिंग_आग्रही:
मग तेच परत घाला. साका का बसतो हे गिऱ्हाईक खरंच शोधतं, मी स्वतः शोधलंय, घरी आलेलं तेल खराब आहे की काय म्हणून. आणि बरेच जण मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाईप करून शोधतात, तर तेलाचं नाव मजकुरात एकदा तसंही सहज येऊ द्या. एकदाच हं, ओळीने वीस वेळा नको.

घाणेवाली_कराड:
अपडेट द्यायला आले. दुकानाचं नाव टाकलं की होमपेज पहिलं येतंय! शेंगदाणा आणि करडईची पानं पण इंडेक्स झालीत, 'करडई तेल घाणा'ला अजून दुसऱ्या पानावर आहोत. रीडायरेक्ट निम्मे झालेत, पेंडीचं पान राहिलंय. मजकूर रोज रात्री थोडा थोडा परत टाकतेय. पॅकेजला नाही म्हणून सांगितलं, डेव्हलपरने रीडायरेक्टचे पैसे पण घेतले नाहीत.

एक शेवटचं, मॅपवरच्या प्रोफाईलमध्ये वेबसाईटची जी लिंक आहे ती जुन्या संपर्काच्या पानाची आहे आणि ते पान आता नाही. ती लगेच बदलू की रीडायरेक्ट पुरेल?

सर्व्हररूम_ठाणे:
लगेच बदला, होमपेजची द्या. रीडायरेक्टने चालेल, पण आपल्या हातातली लिंक थेटच असावी. आणि तिथेच दिवाळीच्या दिवसांतल्या वेळा पण टाकून घ्या. न्यू जर्सीच्या भावाला विचारा आता ऑर्डर टाकता येतेय का, पैसे भरण्यापर्यंत जाऊन बघायला सांगा, कारण पेमेंटच्या पानावर वेगळा ब्लॉक असू शकतो.